एलबीएस मार्ग कधी हायवे होता का? मुंबई-आग्रा रस्त्याची हकीकत

प्रश्न असा आहे: भांडुप पश्चिमेला एका कुटुंबाच्या जागेचं जुनं खरेदीखत आहे. त्याच्या चतुःसीमेत ‘पश्चिमेस मुंबई-आग्रा हमरस्ता’ असं लिहिलंय. आज त्या बाजूला लाल बहादुर शास्त्री मार्ग आहे, आणि घरातल्या तरुण मंडळींना माहीत असलेला हायवे म्हणजे रेल्वेपलीकडचा ईस्टर्न एक्सप्रेस. मग कागदावरचा हमरस्ता कुठला? तो राज्य महामार्ग होता की राष्ट्रीय? कुठून कुठे जायचा? आणि त्याचा हायवेचा दर्जा गेला कधी?

थेट उत्तर आधी देतो. कागद बरोबर आहे. आजचा एलबीएस मार्ग म्हणजेच जुना मुंबई-आग्रा रस्ता. शीवपासून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड करत ठाण्यापर्यंत, साधारण २१ किलोमीटर. पुढे राष्ट्रीय महामार्ग ३ म्हणून जो मार्ग यादीत गेला, त्याचं हे मुंबईकडचं टोक. रस्ता कोणी बंद केला नाही की मोडला नाही. लांबची वाहतूक शेजारी झालेल्या नव्या रस्त्यावर गेली, पाठोपाठ क्रमांकही तिकडे गेला, आणि जुनी लांबी महापालिकेचा रस्ता म्हणून शहरात मिसळली.

सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर माझी नोकरी गेली. मागे सोडलेल्या अशा लांबींचे कागद पुष्कळ हाताळले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे लोक रस्ता आणि महामार्ग या दोन गोष्टी एकच धरतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. रस्ता जमिनीवर असतो. महामार्ग हा त्याला सरकारने अधिसूचनेने दिलेला दर्जा असतो. कोणी खर्च करायचा, कोणी खड्डे बुजवायचे, कडेला बांधकामाला परवानगी कोणी द्यायची, हे त्या दर्जावरून ठरतं. दर्जा एका अधिसूचनेने येतो आणि दुसऱ्या अधिसूचनेने जातो. रस्ता तिथेच राहतो. तुमच्या कागदाचा उलगडाही या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की लगेच होतो.

आधी रस्त्याचं बघू. मुंबई हे बेट, आणि उत्तरेला साष्टी हे दुसरं बेट. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी आणि ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं, १७७४ च्या अखेरीला ते इंग्रजांकडे गेलं. त्याआधी मुंबईतून देशावर जाणारा सलग रस्ता असणं शक्यच नव्हतं, कारण खाडी ओलांडली की दुसऱ्याचं राज्य लागे. माल होडीने पनवेलला किंवा कल्याणला जायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. साष्टी हातात आल्यावर मग मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत शीव आणि कुर्ला यांच्यामधल्या दलदलीत भराव घालून बांध बांधला गेला. काम १७९८ ला सुरू झालं, १८०५ ला पुरं झालं. शीवचा हा कॉजवे म्हणजे आग्रा रस्त्याची खरी सुरुवात. माहीमचा कॉजवे त्यानंतर चार दशकांनी, १८४० च्या दशकात झाला; त्यावरून वांद्रे, अंधेरी, घोडबंदर असा पश्चिमेचा रस्ता निघाला, तो आजचा स्वामी विवेकानंद मार्ग. म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडे जाणाऱ्या दोन जुन्या वाटांमध्ये आग्ऱ्याची वाट वयाने मोठी.

शहरातला भागही सांगून ठेवतो, कारण बरेच जण आग्रा रोड शीवलाच सुरू झाला असं समजतात. किल्ल्यातून निघून भायखळा, परळ, दादर करत शीवला येणारा रस्ता हाच त्याचा आरंभ. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने यातला बराच भाग रुंद आणि सरळ केला. व्हिन्सेंट रोड आणि किंग्जवे या नावांनी ओळखला जाणारा तो रस्ता आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. अंतरं मोजली जायची ती फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून. त्या मोजणीचे मैलाचे दगड शहरात अजून काही ठिकाणी आहेत, रोमन आकडे कोरलेले. दादरला चित्रा टॉकीजच्या भागात सहाव्या मैलाचा आहे. पूर्वी असे दगड फूटपाथच्या कामात अर्धे गाडले जायचे. अलीकडे महापालिकेच्या वारसा विभागाने काही वर काढून नीट उभे केलेत, ही फार चांगली गोष्ट झाली. रस्त्याच्या इतिहासाचा याहून खरा पुरावा दुसरा नाही.

आता तुमच्या भांडुपकडे येऊ. जुन्या रस्त्याची आखणी कशी झाली हे पाहायचं तर भांडुप उत्तम आहे. डोंगराकडून खाडीकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत या. आधी येऊरच्या रांगेचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी पाडे. मग तानसाची जलवाहिनी. तानसा तलावाचं पाणी १८९२ साली मुंबईला आलं, ते याच पट्ट्यातून. त्यानंतर आग्रा रोड. त्यानंतर रेल्वे, जिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. रेल्वेपलीकडे ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, मग मिठागरं, मग खारफुटी, मग ठाण्याची खाडी. तीन-चार किलोमीटरच्या रुंदीत दोनशे वर्षांची वाहतूक एकीशेजारी एक मांडलेली दिसते, आणि क्रमही ध्यानात घ्या: सर्वांत जुना रस्ता डोंगराच्या बाजूला, सर्वांत नवा खाडीच्या बाजूला.

याचं कारण माती. बैलगाडीच्या काळात खाजणात भराव टाकून वीस किलोमीटर रस्ता करणं परवडणारं नव्हतं, आणि डोंगर फोडणंही नाही. म्हणून आखणाऱ्यांनी डोंगराचा पायथा आणि भरतीची रेषा यांच्या मधली घट्ट मुरमाची पट्टी धरली. ही पट्टी सरळ नाही, म्हणून रस्ताही सरळ नाही. एलबीएस मार्गावर जिथे जिथे विनाकारण वाटणारं हलकं वळण येतं, तिथे एका बाजूला टेकाडाचा पाय किंवा जुन्या गावठाणाची कड सापडते. डोंगरावरून खाडीकडे जाणारे ओढे सगळे या रस्त्याला आडवे जातात, म्हणून पावलोपावली मोऱ्या. त्यातल्या कित्येक आता काँक्रीटच्या झाल्या, कित्येक दुकानांच्या ओट्यांखाली गेल्या. पावसाळ्यात पाणी नेमकं कुठे तुंबतं ते पाहिलं की जुनी मोरी कुठे असणार याचा अंदाज येतो. ईस्टर्न एक्सप्रेस मात्र पट्टी ठेवून ओढल्यासारखा सरळ, कारण तोवर भराव आणि यंत्रं दोन्ही हाताशी होती.

रस्ता ठाण्याला पोहोचला की पुढे माजिवडे, कापूरबावडी, बाळकुम, कशेळी. कशेळीला उल्हास नदीची खाडी. पुलाआधी इथे होडीचाच आधार. पलीकडे काल्हेर, अंजूरफाटा, भिवंडी. मग पडघा, वाशिंद, आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी आणि कसारा. कसारा घाट, ज्याला जुन्या कागदांत थळघाट म्हणतात, चढून इगतपुरी, घोटी, नाशिक. पुढे पिंपळगाव बसवंत, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, देवास, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर, मुरैना, धोलपूर आणि आग्रा. राष्ट्रीय महामार्ग ३ म्हणून त्याची एकूण लांबी १,१६१ किलोमीटर नोंदलेली होती. त्यातले ३९१ किलोमीटर महाराष्ट्रात, ७१२ मध्य प्रदेशात, उरलेले राजस्थान आणि उत्तर प्रदेशात.

मधल्या काळात रेल्वेने या रस्त्याचं महत्त्व एकदा जवळजवळ संपवलं होतं. आगगाडी १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ साली घाट चढून इगतपुरीपर्यंत गेली. त्यानंतर खानदेशचा कापूस गाडीरस्त्याने मुंबईला आणायचं कारण उरलं नाही. पुढची पन्नास-साठ वर्षं हा हमरस्ता म्हणजे स्टेशनांना जोडणाऱ्या तुकड्यांची माळ होती. मोटारी आणि लॉऱ्या आल्यावर तो पुन्हा जागा झाला.

आता दर्जाचा भाग. मोटारींमुळे रस्ते उखडायला लागले आणि प्रांतांकडे पैसा नव्हता, तेव्हा १९२७ साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, मुंबईचे बॅरिस्टर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते ही नुसती प्रांतांची आणि लोकल बोर्डांची जबाबदारी नाही, मोठ्या रस्त्यांचा भार देशाने उचलायला हवा, हे त्या समितीने ठामपणे मांडलं. त्यातून १९२९ साली पेट्रोलवरच्या कराचा केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. जयकरांचं हे काम मराठी माणसाने लक्षात ठेवावं इतकं मोठं आहे. आज देशातल्या प्रत्येक महामार्गाच्या खर्चाच्या पद्धतीत त्या समितीचा विचार आहे.

१९४३ साली देशभरच्या मुख्य अभियंत्यांची बैठक नागपूरला भरली. रस्त्यांची वर्गवारी तिथे ठरली: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग म्हणजे तेव्हाचे प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते. आपण आजही हीच उतरंड वापरतो. १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय म्हणून निवडलेल्या रस्त्यांचा खर्च केंद्राने घेतला, पण काम मात्र प्रांताच्या पीडब्ल्यूडीकडेच, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडेच, राहिलं. हे महत्त्वाचं आहे. पैसा दिल्लीचा, मुकादम आणि मैलकुली राज्याचे. म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी आणि बऱ्याच जुन्या दस्तांतही या रस्त्याला ‘सरकारी रस्ता’, ‘पीडब्ल्यूडी रोड’ असं म्हटलेलं आढळतं, आणि वाचणारा तो राज्य महामार्ग होता असा निष्कर्ष काढतो. राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग वगैरे दर्जा देण्यासाठी राज्याचा वेगळा कायदा आहे, मुंबई महामार्ग अधिनियम १९५५. आग्रा रस्ता त्या वाटेने गेला नाही. तो राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या परिशिष्टात गेला. आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे आणि मुंबई यांना जोडणारा महामार्ग, क्रमांक ३, अशी त्याची नोंद होती.

आणि इथे एक बारीक मुद्दा आहे, जो तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो. १९५६ च्या मूळ कायद्यात परिशिष्टातले मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर करताना नगरपालिका क्षेत्रातले तुकडे वगळलेले होते. हा अपवाद १९७७ च्या दुरुस्तीने काढला. कायदा अमलात आला १५ एप्रिल १९५७ रोजी. मुंबई महापालिकेची हद्द १९५० च्या एप्रिलमध्ये मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंत गेली होती आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये, म्हणजे कायदा लागू होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, मुलुंडपर्यंत वाढली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. शीव ते मुलुंड ही सगळी लांबी कायदा लागू झाला तेव्हाच महापालिकेच्या हद्दीत होती. मार्ग यादीत मुंबईपर्यंत, पण शहरातला तुकडा कायद्याच्या अर्थाने बाहेर. नकाशावर ३ क्रमांकाची जाड रेघ थेट मुंबईत आलेली आणि लोकांच्या तोंडी ‘नॅशनल हायवे’, दोन्ही स्वाभाविकच. पण तुमच्या जागेसमोरच्या लांबीचं राष्ट्रीय महामार्गपण पहिल्यापासूनच असं पातळ होतं. म्हणून खरेदीखत लिहिणाऱ्याने ‘राष्ट्रीय महामार्ग’ किंवा ‘राज्य महामार्ग’ असं काही न लिहिता ‘मुंबई-आग्रा हमरस्ता’ लिहिलं, ते फार शहाणपणाचं झालं. कुठलाही दर्जा बदलला तरी ती चतुःसीमा चुकत नाही.

या रस्त्याचं खरं मोठेपण आग्ऱ्यात नाही, ठाण्यात आहे. त्याच परिशिष्टात क्रमांक ४ ची सुरुवात कशी दिली आहे पाहा: ठाण्याजवळ क्रमांक ३ ला जिथे फाटा फुटतो तिथून पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर, मद्रास. म्हणजे पुण्याचा महामार्ग मुंबईत सुरूच होत नव्हता. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस कुर्ला, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला यायचा, तिथून कळवा, मुंब्रा, शीळफाटा, पनवेल, मग खोपोली आणि बोरघाट. गोव्याचा महामार्गही पनवेलजवळ या पुण्याच्या रस्त्याला फुटायचा. ईस्टर्न एक्सप्रेस आणि वाशीचा खाडीपूल (१९७३) होण्याआधी नाशिक, पुणे आणि कोकण या तिन्ही दिशांची मोटारवाहतूक तुमच्या जागेसमोरून गेली आहे. गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्यासुद्धा. माझ्या मते मुंबईच्या इतिहासात एवढा भार वाहिलेला दुसरा रस्ता नाही, आणि त्याची आठवण ठेवणारा एक फलकही त्याच्यावर नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हाच भार आणि मागची रेल्वे, वरून तानसाचं पाणी आणि स्वस्त जमीन यांमुळे कुर्ला ते मुलुंड पट्ट्यात कारखाने उभे राहिले. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मुकंद, भांडुपला एशियन पेंट्स, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन. सगळ्यांना याच रस्त्याचा शेजार. कामगार आले, चाळी आल्या, डोंगरउतारावर वस्त्या चढल्या. पुढे कारखाने बंद झाले आणि त्याच मोठमोठ्या भूखंडांवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. इतके मोठे भूखंड या रस्त्याकडेला का होते, याचं उत्तर पुन्हा हमरस्ता हेच.

मग ईस्टर्न एक्सप्रेस आला. शीवहून निघून रेल्वेच्या पूर्वेने, मिठागरांच्या कडेने ठाण्याच्या तीन हात नाक्याकडे जाणारा हा रस्ता लांबच्या गाड्यांना सोयीचा होता आणि मुंबई-आग्रा महामार्गाचं काम त्याने घेतलं. ठाण्यापुढेही तेच झालं. कशेळी आणि भिवंडी शहर टाळून माजिवड्याहून खारेगाव, मानकोली, वडपे असा वळणरस्ता निघाला आणि जुना कशेळीचा रस्ता ठाणे-भिवंडी वाहतुकीपुरता राहिला. दरम्यान जुन्या मुंबईतल्या लांबीला लाल बहादुर शास्त्रींचं नाव मिळालं. शास्त्रीजी ताश्कंदला जानेवारी १९६६ मध्ये गेले, त्यानंतरचं हे नामकरण. मुंबईपुरतं ‘आग्रा रोड’ हे नाव हळूहळू मागे पडलं.

इतर गावांत मात्र ते अजून जिवंत आहे, आणि जुन्या मार्गाचा माग काढायचा तर याच्याइतकं सोपं साधन नाही. भिवंडीत जुना आग्रा रोड आहे. कल्याण पश्चिमेला लालचौकीच्या भागात आग्रा रोड आहे. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ जुना आग्रा रोड, मालेगावात जुना आग्रा रोड, आणि धुळ्याला तर आग्रा रोड म्हणजे गावची मुख्य बाजारपेठ. इंदुरात एबी रोड, म्हणजे आग्रा-बॉम्बे. प्रत्येक गावी गोष्ट एकच: आधी हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, मग गर्दी, मग गावाबाहेरून वळणरस्ता, आणि आतली लांबी नगरपालिकेच्या ताब्यात. मुंबईत हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर झालं.

क्रमांकाचं थोडक्यात. केंद्राने २०१० साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. जुना ३ तुटला. नाशिक ते धुळे ६० मध्ये, धुळ्यापासून इंदूरकडचा ५२ मध्ये, शिवपुरी-ग्वाल्हेर ४६ मध्ये आणि ग्वाल्हेर-आग्रा ४४ मध्ये गेला. आजचा राष्ट्रीय महामार्ग ३ पंजाबातल्या अटारीहून मनालीमार्गे लेहला जातो. त्यामुळे इंटरनेटवर नुसतं ‘एनएच ३’ शोधून तुमच्या कागदाशी जुळवू नका, थेट हिमालयात पोहोचाल. रस्त्यावर ओळखायचं तर किलोमीटरच्या दगडाचा माथा बघायचा: पिवळा असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. एलबीएस मार्गावर तसे दगड आता मिळणार नाहीत. पेव्हर ब्लॉकखाली गेले.

महामार्गाचा दर्जा गेल्यावरही त्याच्या खुणा या रस्त्यावर बराच काळ राहिल्या. मुलुंड चेकनाका ही त्यातली मोठी. शहराची वेस म्हणून इथे जकात घेतली जायची आणि ट्रकांची रांग ठाण्याच्या हद्दीत जायची. जीएसटी आला तेव्हा, १ जुलै २०१७ पासून, जकात संपली. टोलही या रस्त्यावर स्वतंत्र होता. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांपैकी एक मुलुंडला एलबीएस मार्गावर आहे, ईस्टर्न एक्सप्रेसवरच्या नाक्याव्यतिरिक्त. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना तो माफ झाला. महामार्ग नसलेल्या महापालिकेच्या रस्त्यावर टोल कसा, असं लोक विचारायचे. उत्तर असं की टोल या रस्त्यासाठी नव्हताच. नव्वदच्या दशकात शहरात बांधलेल्या उड्डाणपुलांच्या खर्चासाठी तो शहराच्या वेशीवर घेतला जात होता, आणि वेस या रस्त्यालाही होती.

ज्या ईस्टर्न एक्सप्रेसने आग्रा रोडची जागा घेतली, त्याचंही पुढे तेच झालं. पीडब्ल्यूडीकडून तो एमएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, वेस्टर्न एक्सप्रेसबरोबर, मुंबई महापालिकेकडे आला. म्हणजे तुमच्या समोरचा जुना हायवे आणि रेल्वेपलीकडचा ‘खरा’ हायवे, दोन्हींचे खड्डे आज एकच संस्था बुजवते. ‘हायवे’ हे नाव मात्र राहिलं, कारण ते लोकांच्या तोंडी बसलं आहे.

आता रुंदीबद्दल, कारण तुमच्या जागेला त्याचाच संबंध येणार. एलबीएस मार्गाची रुंदी सगळीकडे सारखी नाही. कुर्ल्यात तो चिंचोळा, मुलुंडकडे बराच मोकळा. कुर्ल्याची वस्ती महामार्गाच्या कडेला किती अंतर सोडून बांधायचं याचे नियम येण्याआधीच रस्त्याला भिडली होती. भांडुप-मुलुंडला शेतं आणि कारखान्यांची कुंपणं होती, त्यामुळे तिथे जागा सोडवून घेता आली. शीवच्या टोकाला रेल्वेवरचा १९१२ सालचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून पाडून नव्याने बांधण्यासाठी बंद केला गेला, तेव्हा या जुन्या रस्त्यावर अजून किती भार आहे ते सगळ्या शहराने अनुभवलं. कुर्ल्यात सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड आणि गांधीनगरला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड त्याला छेदतात. आणि वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत याच रस्त्याच्या मधोमध खांबांवर येते आहे. घट्ट जमिनीची जी पट्टी बैलगाडीला सोयीची होती, तीच लोकवस्तीचा कणा झाली, म्हणून मेट्रोही तिथेच.

तुमच्या कागदासाठी काय करायचं ते सांगतो. रस्त्याचा दर्जा शोधण्यात वेळ घालवू नका, हद्द शोधा. नगर भूमापन कार्यालयातून जागेची मिळकत पत्रिका आणि नकाशाची नक्कल काढा. जागा मौजे भांडुप, तालुका कुर्ला अशी नोंदलेली असेल, फार जुन्या दस्तात साष्टी तालुका दिसेल. नकाशात रस्त्याला स्वतंत्र क्रमांक आहे का आणि पूर्वी काही भाग रस्त्यासाठी संपादित झाल्याची नोंद आहे का, ते बघा. महामार्ग असताना एकदा आणि महापालिकेकडे आल्यावर पुन्हा, अशी दोनदा रुंदी वाढलेली असू शकते, आणि खरेदीखतातलं क्षेत्र त्याआधीचं असेल तर आजच्या मोजणीशी जुळणार नाही. नंतर महापालिकेच्या एस विभागाकडून रस्तारेषा मागा. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९७ खाली ती ठरते, आणि पुनर्विकासात किती जागा सोडावी लागेल ते तीच सांगते. सोबत विकास आराखडा २०३४ चा अभिप्राय घ्या, आणि मेट्रोचं स्टेशन किंवा जिना जागेसमोर येतो का हे एमएमआरडीएकडे लेखी विचारा. राष्ट्रीय किंवा राज्य महामार्गाच्या इमारत रेषेचे आणि नियंत्रण रेषेचे, म्हणजे रस्त्यापासून किती अंतर सोडून बांधायचं याचे, नियम लावायचे असं कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडे अधिसूचनेची प्रत मागा.